कोंबडीला वेळ लागेल

ओनीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.
खानावळीत टेबलं चार, माणसं आम्ही दोघं
आणि एक मांजर,
जिची ऑर्डर बहुधा आमच्या आधीची.
त्सिउरीबाई हात पुसत बाहेर आल्या.
"श्क्मेरुली आहे. पण कोंबडीला वेळ लागेल."
किती, ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

बेसोची टोपी माझ्या समोर बसली,
बेसो फोनमध्ये.
वय पंधरा, बुटाचा नंबर चव्वेचाळीस,
कुताइसीपासून इथवर उच्चारलेले शब्द अकरा.
मोजलेत मी.
घाटात गाडी तापून बंद पडली
तो पाऊण तास धरूनही अकराच.

पाव आला. पाव संपला.
हिरवं फेसाळ सरबत आलं,
ज्याला तो लहानपणी मगरीचं पाणी म्हणायचा.
"मगरीचं पाणी," मी म्हटलं.
त्याने टोपी आणखी खाली ओढली.

भिंतीवरच्या कॅलेंडरात दोन वर्षांपूर्वीचा मार्च.
खिडकीखाली रिओनी नदी,
या गावात घाई असलेली ती एकटीच.

तीन वाजून दहा मिनिटांनी
त्याचा फोन मावळला.
"गेला."
बारा.
त्याने टेबल पाहिलं, मांजर पाहिलं,
नाइलाजाने मला पाहिलं.
"इथे कोंबडी शिजवतात की अंड्यापासून वाढवतात?"
अठरा!
आणि मी हसले, जरा जास्तच हसले,
टेबलावर हात आपटून, डोळ्यांत पाणी येईतो.
तो मिटलाच पुन्हा.
दार किलकिलं झालं की लगेच पाय घालू नये,
कितीदा ठरवलंय.

मग चार्जर मागायला म्हणून उठला
आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे गेला
तो गेलाच.

मी मांजराशी बोलले थोडं.
आत लसूण ठेचल्याचा आवाज,
तव्यावर झाकण,
आणि कोणा पुरुषाचं हसणं.
वाटलं, बाईंचा नवरा मागल्या दाराने आला असेल.
जाड, किंचित खरखरीत आवाज,
रंगवून काहीतरी सांगत होता:
कोणाची तरी आई घाटात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून
गाडीला म्हणते, मानाना, पोरी,
आज नको गं, पोरासमोर नको.
त्सिउरीबाईंचं खिदळणं.
आणि मानाना चालू झाली, तो आवाज म्हणाला,
शप्पथ सांगतो, लगेच चालू झाली.

मानाना आमची गाडी.
बाहेर उभी आहे, अक्रोडाच्या सावलीत.

एकेका शब्दातून आवाज कळत नाही माणसाचा.
त्याला लांब वाक्य लागतं,
मध्ये श्वास घेण्याइतकं लांब.
कधी बदलला हा? कुठल्या महिन्यात?
मी कामावर होते की शेजारच्या खोलीत?

उठले नाही.
बशीतले पावाचे कण बोटाने टिपत राहिले
आणि आयुष्यात पहिल्यांदा भुकेल्या पोटी मनात म्हटलं,
कोंबडे, तुझं चालू दे सावकाश.

चार वीसला पडदा हलला.
दोन्ही हातांत फडकं, फडक्यात मातीचं तापलेलं भांडं,
दुधात लसूण खदखदतोय,
आणि त्यामागे माझा मुलगा, टोपी नाही, केस घामेजलेले.
"हात काढ. भाजेल."
बोटांना लसणाचा वास.
"मी ठेचलाय," म्हणाला, माझ्याकडे न बघता.
"आणि चार्जर?"
"अं? राहिलंच."

त्सिउरीबाई नवा पाव ठेवून दारात थांबल्या.
"मीठ बघ गं, मीठही त्यानेच घातलंय."
खारट होतं. चांगलंच खारट.
"बरोबर झालंय," मी म्हटलं.
"खोटं बोलतेस,"
तो म्हणाला, त्या नव्या आवाजात,
आणि पावाचा मोठा तुकडा मोडून
माझ्याकडे सरकवला.